नोडची जागा कोण ठरवतो?

जाळ्याच्या आलेखात दोनच गोष्टींची नोंद असते: नोड, म्हणजे बिंदू, कोणते आणि त्यांतले कोणते एकमेकांना जोडलेले. कोणता नोड वर आणि कोणता खाली, हे त्या नोंदीत कुठेच नसते. चित्र काढायचे तर प्रत्येक नोडला क्ष आणि य असे दोन आकडे द्यावे लागतात.

हे काम बहुधा गणितावर सोपवले जाते. पीटर ईड्स यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक जोडणी म्हणजे एक स्प्रिंग. जोडलेले नोड एकमेकांना ओढतात, न जोडलेले परस्परांना ढकलतात आणि ही ओढाताण शमली की चित्र तयार होते. फ्रुक्टरमन आणि राइनगोल्ड यांनी १९९१ मध्ये याच कल्पनेवर बेतलेली पद्धत पायथॉनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत ‘स्प्रिंग लेआउट’ या नावाने मिळते. तिची सुरुवात कशाही विखुरलेल्या जागांपासून होते, म्हणून दर वेळी चित्र वेगळे येते. ही सुरुवात ठरवणारा ‘सीड’ नावाचा आकडा दिला की तेच चित्र पुन्हा मिळते.

मात्र या गणिताला दिशा कळत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांचे जाळे त्याच्यावर सोपवले, तर नागपूर मुंबईच्या पश्चिमेलाही जाऊन बसेल. इथे जागा स्वतःच द्याव्या लागतात. नेटवर्कएक्समध्ये त्यासाठी ‘पॉस’ नावाची डिक्शनरी देतात; तिच्यात प्रत्येक नोडपुढे त्याचे दोन आकडे असतात. क्षच्या जागी रेखांश आणि यच्या जागी अक्षांश येतो: पुण्यासाठी ७३.८६ आणि १८.५२. बोलताना अक्षांश आधी घेण्याची रीत आहे. तोच क्रम इथे ठेवला, तर चित्रातली उत्तर उजवीकडे जाते.

सगळ्या जागा माहीत नसतील, तर मोजकेच नोड खिळवता येतात. त्यांच्या जागा ‘पॉस’मध्ये देऊन नावे ‘फिक्स्ड’च्या यादीत घातली की ते हलत नाहीत, उरलेले त्यांच्याभोवती मांडले जातात. जावास्क्रिप्टच्या डी-थ्री लायब्ररीत हेच काम नोडचे ‘एफएक्स’ आणि ‘एफवाय’ हे गुणधर्म करतात.

आलेख काढणाऱ्या ग्राफविझ या सॉफ्टवेअरमधल्या ‘नीटो’ या प्रोग्रॅमला दिलेल्या आकड्यांच्या शेवटी उद्गारचिन्ह जोडले की नोड पक्का होतो. हे आकडे इंचांत वाचले जातात, पण निकालातले आकडे पॉइंटमध्ये येतात आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. निकालातले आकडे तसेच परत दिले, तर चित्र ७२ पट फैलावते. ‘डॉट’ हा ग्राफविझचाच दुसरा प्रोग्रॅम नोडची मांडणी थरांत करतो आणि असे आकडे विचारातच घेत नाही. तिथे ‘रँक सेम’ सांगून नोड एका ओळीत आणता येतात, ‘रँकडिर’ने थरांची दिशा बदलते आणि न दिसणारी जोडणी घालून नोडचा क्रम राखता येतो.

जागेलाच अर्थ असेल, तिथे सर्व आकडे द्यावेत. मोजकीच ठिकाणे महत्त्वाची असतील, तर तेवढीच खिळवावीत. नुसती जोडणी दाखवायची असेल, तर मांडणी गणितावर सोडावी आणि सीड नोंदवून ठेवावा.