ढगाआडचे ऊन



वैशाखात वखर हाकताना डोक्याला रुमाल असतो. श्रावणात निंदणाला तो घरीच राहतो. चूक इथेच होते. अंग तापवणारे किरण वेगळे, कातडी पोळणारे अतिनील किरण वेगळे. ते जाणवत नाहीत, पातळ ढगातून बरेचसे खाली येतात. सावळ्या कातडीतले मेलॅनिन त्यांना अडवते, पण सगळे नाही. उरलेले पेशींचे नुकसान करतात आणि ते वर्षानुवर्षे साठत जाते. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ऊन कर्करोगकारक ठरवले. मजुरीच्या हिशेबात हे कोण धरतो?

खालच्या ओठावरची चीर महिनाभर भरली नाही, तर डॉक्टरला दाखवा. कापूस वेचताना आपल्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, ते अगदी बरोबर. घरधनी मात्र बनियनवर!