एक वाद्य की अनेक?



पनागरहून कटनीकडे जाणारा रस्ता पुढे मैहरला पोहोचतो. तेथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी निराधार मुलांचा वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून केलेला नलतरंगही त्यात वाजे! स्वतः बाबा अनेक वाद्ये वाजवीत. पुत्र अली अकबर यांनाही त्यांनी आरंभी निरनिराळी वाद्ये हाताळू दिली. चित्त स्थिरावले ते मात्र सरोदवर. त्याच अली अकबरांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी परदेशी गिटार हाती धरली आणि तिच्यावर आयुष्यभर राग आळविले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकावयास मिळते.

संग्रह व्यर्थ, असे नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुनी वाद्ये जमविली, म्हणून त्यांचे घाट आज पाहता येतात; पण तो ठेवा त्यांनी समाजाच्या स्वाधीन केला. शाळेच्या कपाटातही चार प्रकारची वाद्ये अवश्य असावीत. मुलाला हात लावून निवड करता येईल.

घरची गोष्ट निराळी. मुलगा दुसरी गिटार मागतो, तेव्हा पहिलीच्या तारा बहुधा गंजलेल्या असतात. पालकांनी आधी त्या बदलून द्याव्यात आणि सहा महिने थांबावे.