उमेदवारी हाताची, कमाई हक्काची



पूर्वी नाभिक बांधव वर्षभर राबायचे.
मोबदला मिळायचा सुगीला, धान्यात.
१९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी
कोल्हापूर संस्थानातली ही बलुतेदारी बंद केली.
आज केशकर्तनाची कला कुणीही शिकू शकतं.

कशी शिकायची?
उमेदवारी करून.

आधी स्वच्छता.
मग कंगवा, कात्री, वस्तरा.
प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं,
हा पहिला धडा.
हात सरावानंच बसतो.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार
करार लेखी असतो.
दरमहा विद्यावेतन मिळतं.

दहावी झालीय?
आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम
एक वर्षाचा आहे.
जागा कुठं आहेत,
याची चौकशी कोल्हापुरात कळंबा रस्त्यावरच्या
शासकीय आयटीआयमध्ये करा.

पुन्हा सांगते, मंडळी.
करार लेखी करा.
विद्यावेतन घ्या.
शिकता शिकता कमवा.