तोंडी नकाराला अपील नसते

(मिशनच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दवाखाना, वसतिगृह, बालवाडी ही मिशनची कामे आपल्याला माहीत आहेत. त्यांचे फोटो आपल्या पत्रिकेत येतात. मी करते त्या कामाचा फोटो काढता येत नाही. दिव्यांग आदिवासी माणसाचा अर्ज नाकारला गेला की त्याच्याबरोबर कचेरीत जायचे, अपील लिहून द्यायचे, आणि तिथेही दार बंद झाले तर कोर्टापर्यंत सोबत करायची, असे हे काम. त्याविषयी चार शब्द बोलायला मला सांगितले आहे.

आधी कायदा थोडक्यात सांगते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यात सिकलसेल आजाराचाही समावेश झाला. सातपुड्यातल्या आपल्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण भिल्ल, पावरा अशा समाजांत हा आजार बराच आढळतो. नुसता वाहक असलेला माणूस दिव्यांग धरला जात नाही. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याचीच तपासणी होते. बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के लागते. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करायचा असतो.

कागदावर सगळे सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते एका मुलावरून सांगते. वय २२, सिकलसेलचा रुग्ण. बरा असतो तेव्हा चालतो, बोलतो, हसतो. दुखणे उठले की आठवडाभर खाटेवरून उठत नाही. आता त्याचा एक खुबाही खराब झाला आहे. तपासणीच्या दिवशी नेमका तो बरा होता. वैद्यकीय मंडळासमोर चार पावले चालला आणि घरी परत पाठवला गेला. त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, साहेब नाही म्हणाले." मी विचारले, "कागद कुठे आहे?" ती म्हणाली, "कागद नाही दिला. तोंडीच सांगितलं."

बंधूंनो आणि भगिनींनो, आमच्या कामात सर्वांत मोठी अडचण हीच आहे. तोंडी नकाराला अपील नसते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी कळवले पाहिजे, असे नियम सांगतो. त्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, असे कायद्याचे कलम ५९ सांगते. पण हातात कागद नसेल तर अपील कशावर करणार? म्हणून आम्ही पहिली मागणी लेखी उत्तराची करतो. अर्जाची पोच घेतो, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते बघतो. तरीही उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकतो. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

या मुलाच्या नकाराचे पत्र मिळवायला आम्हांला तीन खेपा पडल्या. पत्रात एकच ओळ होती: तपासणीवेळी हालचाल समाधानकारक. मग आम्ही अपील लिहिले. सोबत दवाखान्याची सगळी डिस्चार्ज कार्डे लावली, रक्त चढवल्याच्या नोंदी लावल्या, खुब्याचा एक्स-रे लावला. त्याच्या आश्रमशाळेतल्या जुन्या शिक्षकांनी हजेरीपटावरून तो वर्षात किती दिवस आजारी होता ते काढून सही करून दिले. अपिलात त्याची पुन्हा तपासणी झाली. एका दिवसाची चाल न पाहता सगळे कागद पाहिले गेले, आणि प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. आज त्याचे अनुदान सुरू आहे.

पण प्रत्येक नकार म्हणजे अन्याय, असे मी म्हणणार नाही. एक विधवा बाई आली होती. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसरा डोळा चांगला आहे. तिला ३० टक्के मिळाले होते आणि ती फार रागावली होती. मी तिला म्हटले, "मावशी, एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर नियमात ३० टक्केच आहेत. अपील करून तुमचे भाड्याचे पैसे जातील." मात्र निराधार योजनेत विधवांसाठी वेगळी तरतूद आहे. आम्ही तिचा अर्ज विधवा म्हणून भरला आणि तो मंजूर झाला. लढायच्या आधी नियम नीट वाचावा लागतो. खोट्या आशेने गरीब माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावणे, ही सेवा नव्हे.

तिसरी गोष्ट अजून संपलेली नाही. मोहाच्या झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला एक माणूस आहे. त्याच्याकडे ९० टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, अनुदान अनेक वर्षे मिळत होते. एके वर्षी तो पडताळणीला हजर राहू शकला नाही. त्याच्या पाड्याला रस्ता नाही. बांबूला झोळी बांधून चार जण त्याला खाली आणतात, आणि त्या दिवसांत नाला भरून वाहत होता. यादीतून नाव कमी झाले. ना नोटीस, ना सुनावणी. त्याने दिलेल्या दोन अर्जांवर पोच आहे, उत्तर नाही. अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ती आता छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आहे. माणसाचे म्हणणे ऐकून न घेता त्याचा चालू लाभ बंद करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. तोवर त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाते आणि घर चालवते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेला एक निकाल आम्हांला उपयोगी पडतो. वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेश नाकारला होता. नुसत्या टक्क्यांच्या आकड्यावर नकार देऊ नये, मंडळाने माणूस काय करू शकतो ते पाहावे आणि आपली कारणे नोंदवावीत, असे न्यायालयाने सांगितले. तो खटला प्रवेशाचा होता, अनुदानाचा नव्हता. तरी कारण नोंदवा ही मागणी आमचीही आहे, म्हणून तो निकाल आम्ही अपिलासोबत जोडतो.

आता आपल्यापैकी कुणी विचारेल, वकिलाचा खर्च कोण करतो? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि दिव्यांगालाही मिळतो. आमची बहुतेक माणसे दोन्हींत बसतात. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. म्हणजे फी लागत नाही. पण गाडीभाडे लागते. झेरॉक्स लागते. झोळी उचलणाऱ्या चौघांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो द्यावा लागतो. आपण पाठवलेले अर्पण या कामात तिथे खर्च होते.

आपल्या मंडळीतले काही जण मला म्हणतात, "ताई, सरकारशी भांडण्यापेक्षा आपणच त्यांना धान्य द्यावे." धान्य द्यावेच, आपण देतोही. पण जे माणसाच्या हक्काचे आहे ते त्याला हक्क म्हणूनच मिळाले पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल फेस्तापुढे उभा राहून कैसराकडे दाद मागतो. रोमी नागरिक म्हणून तो त्याचा हक्क होता, आणि तो वापरताना त्याच्या विश्वासाला काही उणेपणा आला नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. प्रभूने तो दाखला प्रार्थनेविषयी सांगितला हे खरे. पण तिच्या त्या खेपा आमच्या बायका चांगल्या ओळखतात.

शेवटी तीन विनंत्या करते. आपल्या गावात, नात्यात कुणा दिव्यांगाला तोंडी नकार मिळाला असेल तर त्याला लेखी उत्तर मागायला सांगा. अपिलाला मुदत असते, म्हणून पत्र आले की त्यावरची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसरे, आपल्यात निवृत्त कारकून, शिक्षक, तलाठी असतील तर त्यांनी महिन्यातून एक दिवस अर्ज लिहून देण्यासाठी द्यावा. आम्हांला पैशांइतकीच नीट लिहिणाऱ्या हातांची गरज आहे. आणि तिसरे, संभाजीनगरला प्रलंबित असलेल्या त्या याचिकेचे व त्या कुटुंबाचे आपल्या प्रार्थनेत स्मरण ठेवा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.