पायरीनं रहा

(सूरजागडहून परतल्यावर पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत पोती उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो, म्हणून तुम्ही उभं केलंत. जमेल तसं बोलतो.

जानेवारीत सूरजागडला गेलो होतो. गडचिरोलीतला एटापल्ली तालुका. डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते, सत्तरेक गावांचे माडिया जमतात. त्याच डोंगरात लोखंड. 2007 साली 348 हेक्टरची लीज झाली, आता डोंगर कापतायत. खाणीच्या गेटवर एक माडिया पोरगा गार्डच्या वर्दीत उभा होता. आमच्याबरोबरचा म्हातारा त्याच्याच गावचा. पोरगा त्याच्याकडं बघेना.

मला बाबूराव शेडमाके आठवला. मोलमपल्लीचा जमीनदार, राजगोंड. 1858 साली चांद्याच्या जंगलात इंग्रजांशी लढला. त्याला धरून दिलं कुणी? अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईनं. तीही राजगोंडच. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या जेलात त्याला फाशी झाली आणि बंडवाल्यांची जप्त गावं बाईला बक्षीस मिळाली. चांद्याचं गोंड राज्य तर भोसल्यांनी 1751 लाच गिळलं होतं. राजा गेला, शिडी तशीच. वर राजगोंड, खाली धुरगोंड, त्याच्या खाली परधान. परधानाच्या हातचं गोंड खात नसे. आपल्याला ओळखीचं वाटतंय ना?

फौजेत तरी काय वेगळं? बाबासाहेबांचे वडील सुभेदार. देशी शिपायाची जवळपास शेवटची पायरी. पण विलायतेतून कालच आलेल्या गोऱ्या पोराला सलाम सुभेदारानंच ठोकायचा. पुढं 1892 च्या सुमारास महारांची भरतीच बंद. गडचिरोलीत पोलिसांनी 1990 ला सी-60 पथक काढलं, पोरं तिथलीच. समोर नक्षल्यांच्या दलममध्येही पोरं तिथलीच, वरचे कमांडर बरेचसे दूरचे. दोन्हीकडं हुकूम वरून यायचा, मरायचा तो माडिया.

बाबासाहेब याला श्रेणीबद्ध असमानता म्हणायचे. नुसता वरचा जुलमी असता तर त्याला कधीच पाडला असता. पण प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी दिलेला असतो, आणि तो सोडायला जीव होत नाही. लक्ष्मीबाईला शिव्या घालणं सोपंय. मी गेटवरच्या पोरालाही मनात घातल्या. मग गाडीत बसल्यावर साला माझंच आठवलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीनं मजुरीवरून काम थांबवलं. मुकादमानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू शिकलेला, तुला पोती शोभत नाहीत. हजेरीची वही घे, कोण भडकवतो त्याचं नाव लिही. दोन दिवस मी ती वही घेऊन हिंडलो. खांद्यावर पोतं नाही, कानाला पेन. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी वही परत केली. पण तोवर एक नाव लिहून झालं होतं. भडकवणारे आम्ही सगळेच होतो, मीसुद्धा. टोळीत अकरा जण, दहा आपल्या वस्तीतले. मी लिहिलं ते अकराव्याचं. तो मातंग आहे. चार दिवस त्याला काम मिळालं नाही, का ते त्याला अजून ठाऊक नाही.

उद्या दुसऱ्या पाळीला तो माझ्या जोडीला आहे. सांगणार आहे.