विनय नगर : एका वस्तीचे स्थित्यंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावा, संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे आणि तरुण पिढीस उपदेशाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असा शिरस्ता आहे. आढाव्याचे काम चिटणीसांनी आपल्या निवेदनात उत्तम रीतीने केले आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. तेव्हा ज्या वस्तीत आपले मंडळ जन्मास आले आणि वाढले, त्या वस्तीचे गेल्या काही वर्षांत काय झाले, याविषयी बोलण्याची परवानगी आम्ही कार्यकारिणीकडे मागितली आणि तिने ती दिली, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो.

आज ज्यांस आपण सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, लक्ष्मीबाई नगर, किदवई नगर असे म्हणतो, त्या सगळ्या परिसराचे जुने नाव विनय नगर. स्वातंत्र्यानंतर राजधानीत सरकारी नोकरांची संख्या वाढत गेली आणि १९५० च्या दशकात त्यांच्यासाठी या वसाहती उभ्या राहिल्या. पुणे, नागपूर, रत्नागिरी, बेळगाव अशा ठिकाणांहून कारकुनीच्या परीक्षा देऊन आलेली आपली माणसे येथेच स्थिरावली. वस्तीला विनय हे नाव कोणी आणि का दिले असेल ते असो. पण तेथील राहणीला ते शोभत होते खरे.

आम्हांस नेताजी नगरात क्वार्टर मिळाले ते १९९८ साली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक लहानसे आंगण आणि समोर चार बिऱ्हाडांत मिळून एक हिरवळ. वरच्या मजल्यावर बंगाली कुटुंब, समोर तमिळ, शेजारी गढवाली. हिवाळ्यातल्या दुपारी बायका हिरवळीवर उन्हाला बसून मटार सोलीत आणि त्या सोलण्यातच एकमेकींच्या भाषा शिकत. आमच्या मातोश्रींना हिंदी धड येत नसे. पण शेजारच्या गढवाली आजींशी त्यांचे तासन् तास बोलणे चाले. त्या काय बोलत, हे आम्हांस शेवटपर्यंत उमगले नाही. सकाळी चार्टर्ड बसचा हॉर्न वाजला की हातात डबा घेऊन सगळी वसाहत बाहेर पडे आणि संध्याकाळी केंद्रीय भांडाराच्या रांगेत पुन्हा भेटे. गणेशोत्सवाचा मांडव त्याच हिरवळीवर पडे. त्यासाठी आगाऊ अर्ज, शुल्क, अनामत रक्कम असे काही लागत नसे. खालच्या बिऱ्हाडाने आपली सायकल हलविली की काम झाले.

या वस्तीतील एका माणसाविषयी आम्हांस मुद्दाम सांगावयाचे आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत एक इस्त्रीवाला बसे. एक लाकडी फळी, तिच्यावर चौपदरी घोंगडी, कोळशाची जड इस्त्री आणि मागे ताडपत्री, एवढाच त्याचा संसार. मूळचा तो पूर्व उत्तर प्रदेशातला. आम्ही राहावयास आलो, तेव्हाच त्याला तेथे बसू लागून बरीच वर्षे झाली होती. मातोश्रींचे नऊवारी लुगडे प्रथम त्याच्याकडे गेले, तेव्हा ते उलगडता उलगडता तो हसला आणि म्हणाला, "माताजी, यह तो खतम ही नहीं होती." घडी कशी घालावयाची, हे मातोश्रींनी त्याला झाडाखाली उभे राहून दाखविले. पुढे आसपासच्या सगळ्या महाराष्ट्रीय घरांतली लुगडी आणि सोवळी-उपरणी त्याच्याच फळीवरून जाऊ लागली.

याचा परिणाम असा झाला की, वसाहतीत कोणते नवे बिऱ्हाड मराठी आहे, हे आपल्या मंडळाच्या आधी त्याला कळे. कपड्यांच्या गाठोड्यात नऊवारी किंवा उपरणे दिसले की तो सांगे, "साहब, यहाँ आपके लोग हैं, तीसरे ब्लॉक में." आणि संध्याकाळी आमच्या दारावर येऊन नव्या बिऱ्हाडाचा पत्ता देई. या सभागृहात आज बसलेल्यांपैकी निदान पाच-सहा कुटुंबे मंडळात आली ती त्याच्या सांगण्यावरून. पावतीपुस्तक आमच्या हाती होते. परंतु सभासदनोंदणी तो करीत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२९ ऑक्टोबर २००५ ची संध्याकाळ आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. दिवाळी तोंडावर आली होती आणि सरोजिनी नगरच्या बाजारात गर्दी उसळली होती. तेथे बॉम्बस्फोट झाला. टेलिफोन लागत नव्हते. आमच्या घरातील मंडळी सामान आणण्यास त्याच बाजारात गेली होती. ती सुखरूप परतली, पण त्यापूर्वीचा दीड तास कसा गेला ते सांगता येत नाही. त्या दीड तासात इस्त्री तशीच टाकून तो घरोघर जाऊन विचारीत होता, "सब आ गए?" ज्या घरातून होकार येई त्या घराचे नाव तो दुसऱ्या घरी जाऊन सांगे.

आता वस्तीच्या बदलाकडे वळतो. साध्या वस्तीत पैसेवाली मंडळी येऊ लागतात, जागांचे भाव चढतात, दुकाने बदलतात आणि जुन्या रहिवाशांना तेथे राहणे परवडेनासे होते. या घटनेस इंग्रजीत जेंट्रिफिकेशन असे नाव आहे. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या वस्त्यांविषयी लिहिताना ते रूढ केले. आपणांस त्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळचे काय झाले, हे आपण सुट्टीत घरी जाताना पाहतच आलो आहोत. जेथे गिरणीचा भोंगा वाजे, तेथे आज मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. गिरगावातल्या चाळींविषयीही असेच बोलणे आपल्या घरांतून होत असते.

आपल्या विनय नगरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. येथे जागा कोणाचीच नव्हती. ती सरकारची होती. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यांत सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर होती. जुनी १२,९७० घरे पाडून त्यांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे बांधावयाची, अंदाजे खर्च ३२,८३५ कोटी रुपये, आणि तो काही जागेवर व्यापारी संकुले बांधून, ती विकून उभा करावयाचा, अशी ती योजना होती.

या योजनेवर टीका करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही, आणि प्रामाणिकपणे बोलावयाचे तर तसे करणे आम्हांस शोभणारही नाही. जुन्या क्वार्टरांच्या छतांचे पोपडे आमच्या ताटात पडलेले आहेत. घर मिळावे म्हणून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळलेले सहकारी आम्ही पाहिले आहेत. त्याच जमिनीवर दुप्पट कुटुंबांस छप्पर मिळत असेल, तर त्यास नाही म्हणणे कठीण आहे. ३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सरोजिनी नगरातील टाइप-दोनच्या २८ इमारतींचे उद्घाटन झाले. त्यांत अडीच हजारांहून अधिक घरे आहेत. ती घरे कनिष्ठ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांची आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

त्याच दिवशी नौरोजी नगरातील वर्ल्ड ट्रेड सेंटरचेही उद्घाटन झाले. तेथे पूर्वी सहाशेहून अधिक क्वार्टर्स होती. आता सुमारे ३४ लाख चौरस फूट व्यापारी जागा आहे. त्या रस्त्याने जाताना आमच्या मनात एक विचार येतो. हिंदुस्थानातील माणसाचे दरडोई उत्पन्न किती, याचा हिशेब मांडून देशाच्या दारिद्र्याचे कारण शोधणाऱ्या दादाभाईंचे नाव त्या वस्तीला आहे. वस्तीच्या या नव्या हिशेबात कोण धरले गेले आणि कोण राहिले, असे त्यांनी विचारले असते काय?

झाडे राहिली होती. पण त्यांचा कैवार घेण्यास माणसे पुढे आली. जून २०१८ मध्ये हजारो झाडे तोडली जाणार हे कळताच लोक सरोजिनी नगरात जमले आणि झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तोडीस स्थगिती मिळाली आणि सरकारला आराखड्याचा फेरविचार करावा लागला. आम्हीही त्या दिवसांत एका रविवारी तेथे जाऊन उभे राहिलो होतो आणि आपण काही सत्कृत्य केले, अशा समाधानात घरी परतलो होतो. झाडाखाली बसणाऱ्या माणसासाठी मात्र कोणी जमले नाही. आम्हीही नाही.

हेच आज सांगावयाचे होते, आणि ते सांगणे सोपे नाही. घरे रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा एका संध्याकाळी तो इस्त्रीवाला आमच्याकडे आला. रस्त्यावर बसून विक्री किंवा सेवा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली कायदा झाला आहे. त्याखाली अशा लोकांचे सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे असते. आपण या जागी बरीच वर्षे बसतो, याचा काही कागद जवळ असावा, असे त्याला कोणी तरी सांगितले होते. तो म्हणाला, "साहब, बस दो लाइन लिख दीजिए. आप तो रोज़ लिखते हैं."

आम्ही म्हणालो, पाहतो. मसुदाही तयार केला. सदर व्यक्तीस आम्ही १९९८ पासून ओळखतो, ती येथे नियमाने व्यवसाय करते, वर्तणूक चांगली, एवढाच मजकूर होता. मग मनात आले, आपण शासकीय सेवक. सरकारी जमिनीवर बसणाऱ्यास आपण असे लिहून द्यावे काय? उद्या कोणी विचारले तर? असे पत्र देऊ नये असे कोणताही नियम सांगत नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही सही राहिली. तो दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा विचारावयास आला नाही. आमचे कपडे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत वेळेवर घडी घालून आले.

२०१७ साली आम्ही क्वार्टर सोडले. आम्हांस अलॉटमेंटचे पत्र होते, म्हणून एका घराच्या बदली दुसरे घर मिळाले. पुढच्या वर्षी त्या बाजूस गेलो, तेव्हा सगळीकडे पत्रे ठोकलेले होते. गल्ली कोठे सुरू होत असे तेही ओळखता येईना. इस्त्रीवाल्याची चौकशी केली. कोणी म्हणाले, गावी गेला. कोणी म्हणाले, कोटला मुबारकपूरकडे कोठे तरी बसतो. दोन रविवार तेथे हिंडलो. तो भेटला नाही.

आज आम्ही एका नव्या मनोऱ्यात नवव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, वीज जात नाही, मोटार तळघरात उभी राहते. तक्रारीस जागा नाही. शेजारी कोण राहतात, हे दारावरच्या पाटीवरून कळते. फाटकापाशी पहारेकरी आहेत. त्यांच्या यादीत नाव असल्यावाचून भाजीवालाही आत येत नाही. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत साताऱ्याकडचे एक तरुण जोडपे आठ महिने राहून बदलून गेले. ते मराठी होते, हे आम्हांस त्यांचे सामान खाली उतरू लागले तेव्हा कळले. सामानात पाटा-वरवंटा होता. "मंडळ आहे हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही," असे ती मुलगी म्हणाली. जुन्या वसाहतीत त्यांना ते पहिल्या आठवड्यात कळले असते, आणि कोणाकडून, ते आपण जाणताच.

बंधुभगिनींनो, वस्ती बदलणे आपल्या हाती नाही, आणि सगळा बदल वाईट असतो असेही नाही. परंतु आपल्या मंडळाकडे पन्नास वर्षांची पावतीपुस्तके आहेत, इतिवृत्ते आहेत, हिशेबवह्या आहेत. त्यांत मांडववाला, फुलवाला, आचारी, इस्त्रीवाला अशा माणसांना दिलेल्या रकमा तारखेनिशी नोंदलेल्या आहेत. अमुक माणूस अमुक साली येथे काम करीत होता, याचा दुसरा लेखी पुरावा बहुधा कोठेही नसेल. या वर्षी कार्यकारिणीने त्या वह्या उघडाव्यात, आणि त्यांपैकी जे हयात आहेत व सापडतील, त्यांना मंडळाच्या शिक्क्यानिशी तसे पत्र द्यावे, अशी आमची विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य पत्रे लिहिण्यात गेले आहे. हे काम आपणांस जड जाऊ नये.

तो मसुदा अजून आमच्या कपाटात आहे. इतक्या वर्षांनंतर काल आम्ही त्याच्यावर सही केली. तारीख मात्र आजची घालावी लागली. कोटला मुबारकपूरकडे राहणाऱ्या सभासदांना विनंती की, नऊवारी लुगड्याची घडी बिनचूक घालणारा कोणी वृद्ध इस्त्रीवाला आढळल्यास कृपया आम्हांस कळवावे.