बी, माती आणि कर्करोग

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर लागते. २०२३ पासून हे गाव नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. मुलूख संत्र्याचा. कलम कितीही उत्तम असले तरी जमीन पाणी धरून बसणारी असली की झाड वठते, हे येथील बागाईतदाराला कोणी शिकवावयास नको. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली कर्करोगाविषयी असाच विचार मांडला होता. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या नोंदी चाळताना त्याला दिसले की, रोग वाटेल तेथे न पसरता काही ठराविक अवयवांतच अधिक रुजतो. बी चहूकडे उधळले जाते. उगवते मात्र मानवेल त्या मातीत.

या विचाराचे मोठे बोलके उदाहरण नागपूरकडच्या पानठेल्यावर सापडते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात धरणाऱ्या माणसाला प्रथम तिखट सोसेनासे होते. पुढे तोंडच पुरते उघडत नाही. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. सुपारीतील अर्क गालाच्या अस्तराखालील पेशींना चेतवितो व त्या चिवट तंतू अधिकाधिक विणू लागतात. सुपारीतले तांबे त्या तंतूंचे सांधे आणखी पक्के करते. सुपारी सोडली तरी हे तंतू सहसा विरघळत नाहीत. म्हणजे येथे बियाण्याआधी मातीच पालटते, आणि काही रुग्णांच्या बाबतीत पुढे त्याच जागी कर्करोगाची गाठ उद्भवते. तंबाखूवर सारा दोष टाकून सुपारीला मंगलकार्यातले निरुपद्रवी फळ मानणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

मग शरीराचे रक्षक काय करीत असतात? बिघडलेल्या पेशी शरीरात उपजत असाव्यात व त्यांचा परस्पर बंदोबस्त होत असावा, असा तर्क पॉल एर्लिख यांनी १९०९ मध्येच केला होता. रक्तातील लसिकापेशी खरोखरच अशा पेशी ओळखून मारतात. परंतु गाठही स्वस्थ बसत नाही. रक्षक पेशींच्या अंगी एक लगाम असतो. तो नसता तर त्यांनी निरोगी अवयवांवरही हल्ला चढविला असता. गाठ नेमका हाच लगाम खेचते. जखम भरून आणणाऱ्या भक्षक पेशींना ती आपल्या सेवेस लावते व त्यांच्याकरवी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले, ते यामुळेच.

हा लगाम सैल करणारी औषधे आता निघाली आहेत. त्यामागील शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधांची किंमत मात्र शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी म्हणून एक साधा प्रश्न विचारला: पूर्ण मात्रा आवश्यकच आहे काय? डोके व मान या भागांतील बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे दिली. एका गटास त्याशिवाय निव्होलुमॅब या औषधाची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी टोचली. नेहमीच्या मात्रेचा हा दहावा हिस्साही नव्हे. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या गटात वर्षअखेर जिवंत राहण्याचे प्रमाण शेकडा १६ होते. दुसऱ्या गटात ते ४३ झाले.

या औषधाचा गुण सर्वांना येत नाही. ज्या गाठीत रक्षक पेशी मुळी शिरलेल्याच नसतात, किंवा सभोवारच्या तंतूंच्या कुंपणापाशीच अडून राहतात, तेथे लगाम सोडून फारसे काही साधत नाही. हे कुंपण कसे मोडावे, याचा शोध अद्याप चालू आहे.